वीस ग्रॅमचं पोतं

हल्ली बाजारात जे नवं येतं ते 'नॅनो' असतं. भिंतीचा रंग नॅनो, साबण नॅनो, मोजे नॅनो, मोबाइलच्या काचेवरचा थर नॅनो. आता पिकावर फवारायचं खतही नॅनो.

कशाचं नॅनो, ते डब्यावर शोधून सापडत नाही.

नॅनोमीटर हे माप आहे, मीटरचा अब्जावा भाग. साधारण १ ते १०० नॅनोमीटरच्या कणांना नॅनोकण म्हणतात. माप हा गुण कधीपासून झाला? 'सेंटिमीटर सिमेंट' म्हणून कुणी विकायला आलं, तर पोत्यात काय आहे ते आपण आधी विचारू. नॅनो म्हटलं की विचारणं थांबतं, आणि विकणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

२००६ च्या मार्चमध्ये जर्मनीत 'मॅजिक नॅनो' नावाचा फवारा विकायला आला. न्हाणीघरातल्या काचांवर आणि फरश्यांवर मारायचा. काही दिवसांतच शंभराच्या आसपास लोकांना श्वासाचा त्रास झाला, काहींना इस्पितळात ठेवावं लागलं. माल परत मागवला गेला. नॅनोतंत्रज्ञानाचा पहिला मोठा अपघात म्हणून जगभर बोभाटा झाला. मग तपासणी झाली.

त्यात नॅनोकण नव्हतेच.

नाव देणाऱ्याने नुसतं नाव दिलं होतं आणि घाबरणाऱ्यांनी नुसतं नाव वाचलं होतं. डब्यात काय आहे ते पाहायला माणसं आजारी पडावी लागली.

मग नॅनोत खरं काही आहे की नाही? आहे, आणि भरपूर आहे. सोन्याचा एक सेंटिमीटरचा ठोकळा घ्या. सहा बाजूंचा मिळून पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. त्याचेच १० नॅनोमीटरचे बारीक ठोकळे केले, तर एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. मध्यम आकाराचे दहा टू-बीएचके फ्लॅट.

आणि वजन? तेव्हाही १९.३ ग्रॅम, आताही १९.३ ग्रॅम.

पृष्ठभाग लाखोपटींनी वाढतो, वजन एक मिलिग्रॅमनेही वाढत नाही. एवढं ध्यानात ठेवलं तर या धंद्यातली अर्धी जाहिरात वाचायचीही गरज उरत नाही.

जिथे काम पृष्ठभागाचं असतं, तिथे हे कण खरोखर कमाल करतात. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या घरगुती कोविड चाचणीला आयसीएमआरने परवानगी दिली. किंमत अडीचशे रुपये. त्यानंतर घराघरांत लोक पट्टीवर रेघ उमटण्याची वाट बघत बसले. अशा बहुतेक पट्ट्यांवर दिसणारी लाल रेघ सोन्याची असते. सुमारे ४० नॅनोमीटरच्या सोनकणांवर प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. नमुन्यात विषाणूचं प्रथिन असलं तर ते कण त्याला धरतात, रेघेजवळची प्रतिपिंडं या जोडगोळीला अडवतात आणि कण तिथे दाटतात. या आकारात सोनं पिवळं दिसतच नाही. त्याच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन हिरवा प्रकाश गिळतात, म्हणून लाल दिसतं.

घरी करायच्या गर्भचाचणीची तीच गोष्ट. १९८८ मध्ये क्लिअरब्लूची पट्टी आली, तिच्यात सोन्याऐवजी निळ्या लेटेक्सचे, म्हणजे पॉलिमरचे कण होते. धातू असो वा पॉलिमर, काम एकच: थोडक्यात भरपूर पृष्ठभाग आणि डोळ्यांना दिसेल असा रंग.

कित्येक बायांचं आयुष्य त्या एका रेघेवर इकडचं तिकडे झालं. पाकिटावर 'नॅनो' असं कुणी मोठ्या अक्षरांत लिहिलं नाही.

हे कण बनवायला फार मोठी यंत्रं लागतात, असाही एक समज आहे. १९५१ मध्ये टर्केविच आणि सहकाऱ्यांनी दाखवलेली पद्धत आजही प्रयोगशाळेत पहिल्याच महिन्यात शिकवतात. सोन्याच्या क्षाराचं पातळ पिवळसर द्रावण उकळवायचं आणि त्यात सोडियम सायट्रेट घालायचं. रंग आधी उडतो, मग काळपट होतो आणि काही मिनिटांत माणकासारखा लाल. सायट्रेट सोनं मोकळं करतं आणि वर कणांना एकमेकांपासून दूरही ठेवतं. त्याच्याही आधी, १८५७ मध्ये, मायकेल फॅरेडेने सोन्याचं असं लाल द्रावण करून त्याचा लाल रंग बारीक सोनकणांमुळेच असल्याचं सांगितलं होतं. कण पाहायला त्याच्याकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नव्हता.

म्हणजे बनवणं सोपं. अवघड काय? टिकवणं.

त्या लाल द्रावणात चिमूटभर मीठ टाका. डोळ्यांदेखत ते जांभळं-निळं होतं. कण एकमेकांना चिकटले, आकार बदलला, गुण गेला. म्हणून कणांभोवती पॉलिमरचं कुंपण घालतात. पॉलीइथिलीन ग्लायकॉल घालतात, किंवा पीव्हीपी. हे पीव्हीपी म्हणजे जखमेवर लावायच्या पोविडोन-आयोडीनमधलं पोविडोन. खरी कारागिरी या कुंपणात आहे: कण एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत आणि ज्याला धरायचं त्याला मात्र धरू द्यायचं.

धातूचा उदोउदो होतो. पॉलिमरचं नाव कुणी घेत नाही.

आता जरा पुण्यात या. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००१ च्या सुमारास बुरशीकडून चांदीचे कण करवून घेतले. २००४ मध्ये त्यांनी सोन्याच्या क्षारात गवती चहाचा अर्क मिसळला आणि सोन्याचे चपटे त्रिकोणी कण मिळवले. 'नेचर मटेरियल्स'मध्ये निबंध आला. आपल्या परसातलं गवत आणि जगातल्या पहिल्या रांगेतलं नियतकालिक. याचा अभिमान वाटायलाच हवा, मला वाटतो.

पुढे काय झालं? कडुनिंब झाला, कोरफड झाली. मग तुळस, शेवगा, पपई, जास्वंद, कढीपत्ता. गावातलं एक झाड उरलं नाही, ज्याच्या पाल्यातून कुणी चांदीचे कण काढले नाहीत.

झाड बदला, शीर्षक बदला, बाकी निबंध तोच.

त्याचा साचा आता पाठ झालाय. अर्कात सिल्व्हर नायट्रेट घातलं, रंग तपकिरी झाला. प्रकाश शोषण्याचं शिखर ४२० नॅनोमीटरच्या आसपास आलं. सूक्ष्मदर्शकातला एक फोटो. दोन जिवाणूंच्या तबकड्यांवर काही मिलिमीटरचं मोकळं वर्तुळ. शेवटी, हे कण कर्करोगावर उपयोगी पडू शकतील.

आणि नुसतं सिल्व्हर नायट्रेट त्याच तबकडीवर ठेवलं असतं तर? जिवाणू तेव्हाही मेलेच असते. चांदीचे आयन जिवाणू मारतात, हे शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. मग तुळशीने नेमकं काय केलं? अर्कातल्या कोणत्या रेणूने कण घडवले? पावसाळ्यातल्या पानांनी आणि उन्हाळ्यातल्या पानांनी सारखेच कण झाले का? तीन महिन्यांनी बाटली हलवली तेव्हा कण तेवढेच होते की तळाशी गाळ बसला होता? ही चारच उत्तरं देणारा निबंध दिसला की मी तो शेवटपर्यंत वाचतो.

फार वेळ जात नाही त्यात.

दोष हे निबंध लिहिणाऱ्या पोरांचा नाही. २०१० मध्ये यूजीसीने प्राध्यापकांच्या बढतीला गुणांचं कोष्टक लावलं आणि छापील निबंधांना गुण ठेवले. पीएचडीचा प्रबंध द्यायचा तर आधी निबंध छापा, असा दंडक होता. तो २०२२ च्या नियमांत गेला. तालुक्याच्या कॉलेजात उपकरणं नाहीत, रसायनांना पैसे नाहीत आणि निबंध तर हवा. अशा वेळी पाला फुकट मिळतो. हुशार मुलांची तीन-चार वर्षं त्या पाल्यात गेली, याचा राग त्या कोष्टकावर काढायला हवा.

पाण्याकडे वळलं की बरं वाटतं. २००३ मध्ये दिल्लीच्या सीएसई या पर्यावरण संस्थेने बाटलीबंद पाण्यात आणि शीतपेयांत कीटकनाशकं सापडल्याचं जाहीर केलं आणि देश हादरला. मद्रास आयआयटीच्या टी. प्रदीप यांनी दाखवलं की चांदीसारख्या धातूंचे नॅनोकण पाण्यातली काही कीटकनाशकं धरतात आणि मोडतात. २००७ मध्ये त्यावर बेतलेला फिल्टर बाजारात आला. डिसेंबर २००९ मध्ये 'टाटा स्वच्छ' आला. भाताच्या तुसाची राख आणि तिच्यावर चांदीचे नॅनोकण. वीज नको, नळाचं पाणी नको, किंमत हजाराच्या आत. तीन हजार लिटर झाले की त्यातला 'बल्ब' बदलायचा.

किती लिटर चालेल, हे सांगणारी नॅनो वस्तू! ज्याला आपल्या मालाची खात्री असते, तो मालाची मर्यादाही छापतो.

मोज्यांवर अशी मर्यादा छापलेली पाहिलीत कधी? घामाचा वास घालवणारी चांदी मोज्यांत असते म्हणे. २००८ मध्ये ॲरिझोनाच्या दोन संशोधकांनी सहा प्रकारचे मोजे विकत आणले आणि पाण्यात हलवून पाहिले. काही मोज्यांनी चार धुण्यांत जवळपास सगळी चांदी सोडून दिली, काहींनी जेमतेम सोडली. गिऱ्हाइकाला दोन्ही सारखेच. पाकिटावरचं वाक्यही सारखंच.

गेलेली चांदी कुठे जाते? मोरीतून गटारात, गटारातून मैलापाणी केंद्रात. ते केंद्र ज्या जिवाणूंच्या जिवावर चालतं, त्यांनाच मारायचा तिचा धर्म. तिथे बरीचशी चांदी गंधकाला मिळून गाळात बसते, हे खरं. पण तो गाळ पुढे खत म्हणून शेतात जातो, हेही खरं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २००६ मध्येच सांगितलं की चांदीचे आयन सोडणारं धुलाई यंत्र कीटकनाशकाच्या नियमांत बसवावं लागेल. जिवाणू मारतो म्हणताय ना? मग तशी नोंदणी करा आणि तसे पुरावे द्या.

चांदी हे भाजलेल्या जखमांवरचं औषध आहे. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर यांच्या गटाने नॅनोचांदीची जखमेवर लावायची जेल तयार केली. कण कसे, किती, जिवाणू किती मेले, कातडीच्या पेशींचं काय झालं, सगळं तपासून. चांदीला न जुमानणारे जिवाणू इस्पितळांत आढळलेले आहेत. भाजलेल्या लेकरासाठी राखून ठेवायचं हत्यार आपण पायाच्या वासावर उधळायचं का?

काही जण तर चांदी पितात. 'कोलॉइडल सिल्व्हर'च्या बाटल्या ऑनलाइन मिळतात. अमेरिकेच्या एफडीएने १९९९ मध्येच सांगितलं की अशा पोटात घ्यायच्या चांदीला ना सुरक्षिततेचा आधार आहे, ना उपयोगाचा. फार दिवस पिणाऱ्याची कातडी निळी-करडी पडते आणि ती परत उजळत नाही. २०२० मध्ये कोविडवरचा उपाय म्हणून तीच बाटली पुन्हा विकायला आली. मालात काय आहे ते छापायला लावता येतं: युरोपात २०१३ पासून क्रीम-पावडरीत नॅनोकण असतील, तर घटकाच्या नावापुढे तसं छापावं लागतं. कोणता पदार्थ नॅनो आहे, ते गिऱ्हाइकाला कळतं. हा नियम आपल्या डब्यांवरही हवा, आणि शेजारी प्रमाणही हवं.

प्रमाण म्हटलं की शेत आलंच.

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नॅनो युरियाला खत नियंत्रण आदेशात जागा दिली आणि त्याच वर्षी इफ्कोची बाटली बाजारात आली. अर्धा लिटर. नत्राचे कण पॉलिमरच्या जाळीत बसवलेले आहेत, ते पानाच्या छिद्रांतून थेट आत जातात, असं सांगितलं गेलं. दावा मोठा होता: एक बाटली म्हणजे ४५ किलोचं एक पोतं.

पाटी-पेन्सिल घ्या.

पोत्यात ४६ टक्के नत्र. ४५ किलोंत २० किलो ७०० ग्रॅम. बाटलीत ४ टक्के. अर्ध्या लिटरमध्ये २० ग्रॅम.

किलो नव्हे, ग्रॅम!

जमिनीत टाकलेल्या युरियाचं निम्मं नत्र वाया जातं, असं उत्तर येतं. बरोबर आहे. तीन चतुर्थांश वाया गेलं असं धरा. तरी पिकाच्या वाट्याला पाच किलो उरतं. ते भरून काढायला किती बाटल्या लागतील? अडीचशे.

१२ टक्के प्रथिनं असलेल्या एक किलो गव्हात सुमारे २१ ग्रॅम नत्र असतं. म्हणजे बाटलीतला थेंबन् थेंब पानात शिरला आणि कण न् कण दाण्यात उतरला, तरी त्यातून गहू निघेल एक किलो. पृष्ठभाग कितीही वाढवा, प्रथिनं नत्राच्या वजनातून होतात.

पुढे २० टक्क्यांची 'प्लस' बाटली आली. म्हणजे शंभर ग्रॅम नत्र. म्हणजे पाच किलो गहू.

चाचण्या झाल्या नाहीत असं नाही. ११ हजार ठिकाणी, ९४ पिकांवर प्रयोग केले आणि उत्पादन सरासरी आठ टक्क्यांनी वाढलं, असं इफ्को सांगते. मग पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षं स्वतःच्या शेतावर नेहमीचं नत्र निम्मं करून नॅनो युरियाच्या फवारण्या दिल्या. गव्हाचं उत्पादन २१.६ टक्क्यांनी घटलं, भाताचं १३ टक्क्यांनी. इफ्कोला हे निष्कर्ष मान्य नाहीत. २०२३ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाच्या फ्रँक आणि हुस्टेड यांनी 'प्लांट अँड सॉइल' नियतकालिकात या दाव्यांमागच्या शास्त्रावरच बोट ठेवलं. त्यांचं गणित वरच्या पाटीवरच्या गणिताहून फार वेगळं नाही.

मग ही बाटली सगळ्यांना हवी का आहे? कारण दुखणं खरं आहे. युरियावरचं अनुदान सरकारला पेलत नाही, आयात थांबत नाही, जास्तीच्या नत्राने जमीन आणि विहिरीचं पाणी बिघडतं. पोतं कमी झालंच पाहिजे. म्हणून कोणतीही बाटली पोतं ठरते का?

पानातून नत्र देणं आपल्या शेतकऱ्याला कुणी नव्याने शिकवायला नको. कपाशी फुलावर आली की दोन टक्के युरियाची फवारणी करा, ही शिफारस जुनी आहे. दहा लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम युरिया. त्यात नत्र ९२ ग्रॅम, आणि पोत्याच्या २६६ रुपये ५० पैसे दराने खर्च सव्वा रुपयाच्या आत. अनुदान आहे म्हणून इतकं स्वस्त, मान्य. पण शेतकरी हिशेब खिशातल्या पैशांनीच करतो. इकडे पहिल्या बाटलीतल्या वीस ग्रॅमला २२५ रुपये पडत.

आणि तो बाटली आपणहून घेतो का? त्याला विचारा, तो एक शब्द सांगेल: लिंकिंग. खरिपात युरियाचं पोतं मागायला गेलं की त्याच्याबरोबर बाटली घ्यावी लागते. बाटली नको तर पोतं संपलं. दुकानदाराला छेडलं तर तो म्हणतो, कंपन्या आमच्या गळ्यात बांधतात, आम्ही तुमच्या बांधतो. केंद्राने याविरुद्ध पत्रं काढली, राज्यानेही तंबी दिली.

पेरणी तोंडावर आलेला माणूस पत्रं वाचत बसत नाही. बाटली घेतो आणि गोठ्यातल्या फळीवर ठेवतो.

ज्या मालात दम असतो तो बांधून विकावा लागत नाही.

२०२३ मध्ये नॅनो डीएपीही आलं. अर्ध्या लिटरला सहाशे रुपये, नत्र ८ टक्के, स्फुरद १६ टक्के. म्हणजे ४० ग्रॅम आणि ८० ग्रॅम. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात नत्र ९ किलो असतं आणि स्फुरद २३ किलो. पाटी अजून हातात असेलच.

नॅनो जस्त आणि नॅनो तांबंही आलंय. त्यांच्याशी माझं भांडण नाही. जस्त पिकाला लागतंच थोडं, हेक्टरी काही शे ग्रॅम उचललं तरी पुष्कळ. जिथे गरजच ग्रॅममध्ये आहे, तिथे बारीक कण, त्याच्याभोवती नीट बसवलेलं पॉलिमर, पानावर हळूहळू सुटणारा धातू, या सगळ्याला अर्थ आहे. तिथे उत्तर 'हो' असं येऊ शकतं. ते यावं असं मनापासून वाटतं, कारण विदर्भ-मराठवाड्याच्या कितीतरी जमिनींत जस्त कमी आहे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, चारही विद्यापीठांनी आपापल्या शेतावर चाचणी लावावी. शेजारच्या वाफ्यात साध्या झिंक सल्फेटची फवारणी हवीच. आणि उत्पादन घटलं तरी आकडे छापावेत.

तोवर पोत्याचं बिल पोत्याचं, बाटलीचं बिल बाटलीचं. बाटली नाकारली म्हणून कुणी पोतं नाकारलं, तर दुकानाचं नाव, तारीख आणि जबरदस्तीने घ्यायला लावलेल्या मालाची पावती जोडून तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. पोच घ्या.